आधी डेटा, मग स्क्रू ड्रायव्हर: लॅपटॉपची हार्ड डिस्क घरी बदलताना

लॅपटॉपचा कुठलाही भाग गेला तरी तो बाजारात मिळतो. कीबोर्ड मिळतो, स्क्रीन मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चिकाटीने फिरलं तर जुन्या मॉडेलची बिजागरीसुद्धा सापडते. हार्ड डिस्कही मिळते. तिच्यावर जे होतं ते मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून या एका भागाच्या दुरुस्तीचा क्रम वेगळा असतो. पंखा घरघरायला लागला तर आपण आधी तपासतो, मग बदलतो. डिस्क त्रास द्यायला लागली की आधी फाइली बाहेर काढायच्या, सविस्तर तपासणी नंतर, आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

हे सगळं मी फिरत्या तबकडीच्या अडीच इंची हार्ड डिस्कबद्दल लिहितो आहे. साधारण २०१२ ते २०१९ या काळात घेतलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये हीच डिस्क असायची, आणि असे लॅपटॉप आजही घरोघरी, सोसायटीच्या ऑफिसात, छोट्या दुकानांत बिल काढायला वापरले जातात. तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क असेल तर पुढची लक्षणं लागू पडणार नाहीत. एसएसडी बऱ्याचदा काही न बोलता एका दिवसात बंद पडते.

आत काय घडतं

डिस्कच्या डबीत एक किंवा दोन चकचकीत तबकड्या असतात. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीवर वाचणारं-लिहिणारं एक बारीक टोक, म्हणजे हेड, तरंगत असतं, आणि दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर असतं. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरते. एवढ्या फटीत धुळीचा कण गेला किंवा चालू लॅपटॉप टेबलावर आपटला की तबकडीवर ओरखडा उठू शकतो. तबकडीवरची जागा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत वाटलेली असते. काही सेक्टर वयामुळे किंवा मारामुळे वाचता येईनासे होतात. त्यांनाच आपण बॅड सेक्टर म्हणतो.

आता लॅपटॉप हँग का होतो ते पाहा. सेक्टर पहिल्या प्रयत्नात वाचला गेला नाही तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुन्हा वाचते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवून परत वाचते, आणि असं अनेक सेकंद चालतं. तोवर मागचं सगळं काम अडतं. रेशन दुकानात एखाद्याचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तो बोट पुसून पुन्हा पुन्हा लावत राहतो आणि मागची अख्खी रांग थांबते, तसंच. म्हणूनच माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केल्यावर काही होत नाही. मग अचानक सगळ्या क्लिकांचा परिणाम एकदम दिसतो.

मंद लॅपटॉप आणि मरणारी डिस्क यात गल्लत होते, कारण जुनी पण धडधाकट डिस्कही विंडोज सुरू झाल्यावर काही मिनिटं शंभर टक्के व्यग्र असते. फरक ओळखायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथे सरासरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदात दिसतो. निरोगी डिस्कवर हलकं काम चालू असताना हा आकडा दहा-वीस असतो, कामाच्या रेट्यात शे-दोनशेवर जातो आणि खाली येतो. तो दोन हजार, पाच हजार असा चढून तिथेच अडकला आणि त्याच वेळी वाचण्याचा वेग शून्याजवळ असेल, तर डिस्क एखाद्या जागेवर अडखळते आहे. ठरावीक फाइल किंवा फोल्डर उघडताना दर वेळी तिथेच अडकत असेल तर शंका आणखी पक्की. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ‘डिस्क’ या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार दिसतात का तेही पाहा. ७ म्हणजे खराब जागा सापडली, १५३ म्हणजे एकच काम पुन्हा करावं लागलं.

आवाज हे सगळ्यात गंभीर लक्षण. हलकी खरखर नेहमीची आहे. पण ठरावीक तालात टक, टक, टक येत असेल तर हेडला आपली जागा सापडत नाही, आणि ते परत परत टोकाला जाऊन येतं आहे. बीप किंवा बारीक गुणगुण येऊन तबकडी फिरतच नसेल तर मोटर किंवा हेड अडकलं आहे. अशा वेळी लॅपटॉप लगेच बंद करा आणि परत सुरू करून पाहू नका. हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी सुरू करताना तुमच्या फोटोंचा थर खरवडला जातो.

डिस्क स्वतःबद्दल काय सांगते

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. ही नोंद वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं, आणि वाचल्याने डिस्कवर भार पडत नाही. म्हणून एवढी एक तपासणी फाइली काढण्याआधी करायला हरकत नाही. उघडल्यावर निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो. रंगावर थांबू नका, खालची यादी वाचा. आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर दिसतात, मेन्यूतून ते साध्या दहाच्या पायावर आणता येतात.

त्या लांब यादीत चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे कायमचे बाद केलेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता आले नाहीत, पण निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीतही न वाचता आलेले. सी७ मात्र वेगळा आहे. हा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क आणि बोर्ड यांच्यातली जोडणी सैल किंवा खराब आहे. काही लॅपटॉपमध्ये ही जोडणी पातळ पट्टीने केलेली असते, आणि ती काढून नीट बसवली किंवा बदलली की डिस्क वाचते. सी७चा जुना आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं.

सी५ बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण यात खूप जण फसतात. वाचता न आलेला सेक्टर डिस्क आपणहून बाद करत नाही. त्यात तुमचा डेटा आहे, कदाचित पुढच्या वेळी वाचता येईल, म्हणून ती तो लटकत ठेवते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जातं तेव्हाच निकाल लागतो. नीट लिहिलं गेलं तर सेक्टर परत वापरात येतो, नाही तर बाद होऊन राखीव जागा वापरली जाते. आता दुकानात काय होतं बघा. लॅपटॉप हँग होतो म्हणून नेला, त्यांनी फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, आणि लॅपटॉप खरंच छान चालू लागला. नवीन विंडोज लिहिताना त्या जागा सुटल्या किंवा बाद झाल्या, सी५ खाली आला, आणि सगळ्यांना वाटलं की सॉफ्टवेअरचाच घोळ होता. काही आठवड्यांनी त्याच तक्रारी परत येतात, आणि मधल्या काळात त्याच डिस्कवर नवं काम साठलेलं असतं. फॉरमॅट मारायच्या आधी स्मार्टचे आकडे दाखवा, असं दुकानदाराला सरळ सांगावं. चांगला कारागीर ते लगेच दाखवतो.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचन-चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. सेक्टर बाद होण्याची पहिली घटना घडली की तीच शक्यता १४ पटींहून जास्त. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने धोका सांगितला तर तो खरा मानायचा. सगळं ठीक सांगितलं तर निर्धास्त व्हायचं नाही.

लॅपटॉपमध्ये कंपनीने दिलेली तपासणीही असते. डेलवर सुरू करताना एफ१२, एचपीवर एफ२ दाबून ती मिळते. एचपीवर ३०१ हा क्रमांक दिसला तर डिस्क जाण्याच्या बेतात आहे. ३एफ० दिसला तर सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही, आणि हे सैल जोडणीनेही होतं. यातली झटपट तपासणी चालेल. पूर्ण तपासणी आत्ता करू नका. ती सगळी तबकडी वाचून काढते, आणि १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचायची म्हटलं तरी जवळजवळ तीन तास लागतात. आजारी डिस्कला तेवढे तास उरले असतील तर ते फाइली काढण्यात घालवायचे. विंडोजची चेक डिस्क तर मुळीच चालवू नका. ती फाइलींची यादी दुरुस्त करते, म्हणजे त्याच खराब तबकडीवर लिहिते, आणि अर्धवट वाचल्या गेलेल्या फाइलींचे तुकडे करून टाकते.

फाइली बाहेर काढताना

चालू विंडोज सतत डिस्कवर काही ना काही लिहीत असतं: अपडेट, शोधाची यादी, अँटिव्हायरस. म्हणून विंडोज सुरूच न करता लिनक्स मिंटच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीच्या) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणं मला सगळ्यात योग्य वाटतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस या फुकट सॉफ्टवेअरने असा पेनड्राइव्ह तयार होतो. लॅपटॉप त्यावरून चालतो, आपण डिस्क फक्त वाचायला उघडतो आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी करतो. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून आधीच लिहून घ्या.

पूर्ण यूजर्स फोल्डर उचलून एकदम टाकू नका. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते: फोटो, घरचे व्हिडिओ, दस्तऐवज, टॅलीचं डेटा फोल्डर, प्रबंधाचा मसुदा. मग डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, कारण निम्म्या लोकांच्या कामाच्या फाइली तिथेच पडलेल्या असतात. सिनेमे आणि सॉफ्टवेअरच्या फाइली राहू द्या. एका फोल्डरवर अडकलं तर रद्द करून पुढचं घ्या, अडकलेलं शेवटी बघू. सगळी डिस्क जशीच्या तशी हवी असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे काम समजूतदारपणे करतं. आधी सहज वाचल्या जाणाऱ्या जागा उचलतं, अवघड जागांची नोंद ठेवतं, आणि त्यांच्याकडे नंतर परत येतं. त्यासाठी दुसरी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही आत्ताच कॉपी करून ठेवा. या फाइलींत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. नव्या डिस्कवर फाइल सुखरूप पोहोचते, पण फॉन्ट नसला की तीस पानांचा लेख अगम्य चिन्हांची रांग होऊन समोर येतो. फाइल करप्ट झाली असं समजून लोक ती पुसूनही टाकतात. सॉफ्टवेअरचा परवाना डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या उपकरणावर, असेल तर ते डोंगल आणि मूळ सीडी शोधून बाजूला काढा.

टकटक आवाज करणारी, पाण्यात पडलेली किंवा कुठल्याच कॉम्प्युटरला न दिसणारी डिस्क घरच्या प्रयत्नांनी बरी होत नाही. ती फ्रिजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो. आत बाष्प धरतं आणि उरलासुरला डेटाही जातो. डबीचं झाकण उघडणं तर नकोच. त्यावरचा डेटा खरंच अमूल्य असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, खर्च आणि काढलेल्या फाइलींची यादी आधी लेखी मागा.

नवी डिस्क

नवी घेताना परत फिरती डिस्क घेऊ नका. अडीच इंची सॅटा एसएसडी त्याच जागी, त्याच जोडणीवर बसते; त्या जोडणीचंच नाव सॅटा. जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, सॅटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि बारीकसारीक फाइलींच्या कामात फरक याहून कितीतरी मोठा असतो. एसएसडीची जाडी ७ मिमी असते. जुनी डिस्क ९.५ मिमी असेल तर एसएसडी थोडी हलेल, तिच्यासोबत कधीकधी प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती लावायची. नामांकित कंपनीची, तीन किंवा पाच वर्षं वॉरंटी असलेली, पक्क्या बिलावर घ्या. २ टीबी अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल तर आत पेनड्राइव्हची चिप आणि खोटी क्षमता असण्याची दाट शक्यता आहे. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसली तर मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४च्या.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठली डिस्क बसते हे उघडण्याआधी मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. काहींत चपट्या, पट्टीसारख्या एसएसडीसाठी एम.२ नावाची खाच असते. त्यात सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवणूक बोर्डावरच डाग दिलेली असते, तिथे घरी बदलण्याचा प्रश्नच नाही.

प्रत्यक्ष बदल

लॅपटॉप स्लीपमध्ये न टाकता पूर्ण बंद करा, चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती आधी. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी सेलोटेपने चिकटवत जा. ही काळजी जास्तीची नाही. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो कीबोर्डच्या बाजूने फुगवटा आणतो किंवा बोर्डात घुसतो. लहान चौफुली स्क्रू ड्रायव्हर, पीएच०, बहुतेक ठिकाणी पुरतो. टोक खाचेत गच्च बसलं नाही तर पिळू नका, खाच झिजली की तो स्क्रू निघणं कठीण. सगळे स्क्रू निघूनही झाकण हलत नसेल तर जोर लावण्याआधी रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली बघा. डीव्हीडी ड्राइव्ह आधी बाहेर ओढावा लागतो, आणि त्याच्या खोबणीत अनेकदा दोन-तीन बारीक स्क्रू दडलेले असतात. मग जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेने फिरवा, क्लिपा टकाटक सुटत जातात. झाकण झटकन उचलू नका, काही मॉडेलमध्ये कीबोर्डची पट्टी त्याला जोडलेली असते. पट्टी काढताना तिच्या खाचेवरची इवलीशी खिट्टी नखाने उभी करायची, मग पट्टी आपोआप सुटते.

आत दिसल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं. त्यानंतर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि एखाद्या मातीशी जोडलेल्या धातूला हात लावा. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत असते. चौकटीचे स्क्रू काढून डिस्क जोडणीपासून आडवी मागे सरकवायची, वर उचलायची नाही. चौकट नव्या एसएसडीला त्याच दिशेने लावा, आणि तितकीच आडवी सरकवून बसवा. झाकणाचे सगळे स्क्रू घट्ट करण्याआधी बॅटरी जोडून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) नव्या एसएसडीचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा ती अर्धा मिलिमीटर मागे राहिलेली असते.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करावी की विंडोज नव्याने टाकावं? डिस्क धडधाकट असताना केवळ वेगासाठी बदलत असाल तर नक्कल सोयीची. आजारी डिस्कची नक्कल मी करणार नाही. न वाचलेल्या जागी सिस्टिमच्या फाइली असतील तर त्याच तुटक्या फाइली नव्या डिस्कवर येतात आणि कारण न कळणारे बिघाड सुरू होतात. नवं विंडोज टाकायला मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. विंडोज १० किंवा ११चा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ती बहुधा आपणहून सक्रिय होते. विंडोज १०ची नियमित सुरक्षा मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि विंडोज ११ जुने प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. तुमचं काम ब्राउझर, मेल आणि दस्तऐवज एवढंच असेल तर याच वेळी लिनक्स मिंट कायमचं टाकायचा विचार जरूर करा, त्यात मराठी टायपिंगही होतं.

सगळं सुरू झालं की वाचवलेल्या फाइली परत आणा, पण बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसू नका. काही फोटो आणि जुन्या फाइली खरंच उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असं नसतं. जुनी डिस्क महिनाभर बाजूला ठेवा, काही राहिलं असं आठवलं तर सॅटा-यूएसबी केबलने जोडता येते. बॅकअपसाठी मात्र ती वापरायची नाही, ‘अजून चालते’ म्हणूनही नाही. नंतर भंगारवाल्याला तशीच देऊ नका, तिच्यावर तुमच्या आधार-पॅनच्या प्रती आहेत. चालत असेल तर पूर्ण पुसून टाका, चालत नसेल तर आरपार ड्रिल मारा, आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.